बारा मिनिटांची पानं

६ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र पोचलं. गुडघा वाकायला लागला हे वाचून बरं वाटलं. तुमच्या दादाच्या शेवटच्या वेळी येता आलं नाही म्हणून तुम्ही दीड पान लिहिलंय. ते मी वाचलं, आता पुन्हा लिहू नका. ताजं ऑपरेशन झालेला पाय घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून आला असतात, तर मला रडायचं सोडून तुमच्या औषधांच्या वेळा सांभाळाव्या लागल्या असत्या.

तुम्ही विचारलंत, भिंतीवर लावायला ह्यांचा चांगला फोटो आहे का. नाही. चाळीस वर्षं लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतात. आमच्या लग्नाचा रोल कोणी आणि कसा घालवला हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण एक आहे. जायच्या आठ दिवस आधी ह्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, डार्करूमच्या दाराशी माझ्या स्टुलावर जाऊन बसले आणि म्हणाले, "दाब." मी दाबलं. रोलमधली बारावी, शेवटची फ्रेम होती ती. माझा हात हलला असणार. रोल तसाच कागदात गुंडाळून फळीवर आहे.

कोपऱ्यावरचा कलर लॅबवाला म्हणतो, "काकू, द्या की, तासात धुऊन देतो." कशात धुणार विचारलं तर म्हणतो, "नेहमीचंच." ह्यांनी नेहमीचं कधीच वापरलं नाही. डाग पाडणारं ते पायरोचं डेव्हलपर, दोन बाटल्यांचं, ज्याच्यामुळे ह्यांची नखं जन्मभर तपकिरी राहिली, तेच. दोन्ही बाटल्या भरलेल्या आहेत. वहीही आहे. किती पाणी, किती गरम, सगळं लिहिलंय. फक्त वेळेच्या जागी मिनिटं नाहीत, पानं आहेत.

तुम्ही आमच्याकडे होतात तेव्हा सुरू झालेलं ते पुढे कधी थांबलंच नाही. हे आत फिल्म धुवायचे, आत अंधार, घड्याळ दिसत नाही म्हणून मी दाराबाहेर बसून मोठ्याने वाचायची. तेच ते समुद्रप्रवासाचं जुनं पुस्तक, पहिली अठरा पानं नसलेलं. बाकी काय हवं ते वाच, मोजायला मात्र हेच, असं ह्यांचं म्हणणं. परिच्छेद संपला की मी थांबायची, आत टाकी उलटीसुलटी केल्याचा आवाज यायचा, मग पुढे. शेवटी आतून दारावर ठोका. "कितवं पान?" मी सांगायची, हे लिहून ठेवायचे. शेवटची नोंद नऊ पानांची आहे.

हा रोल मला धुवायचा आहे. कसा ते सांगा.

तुमची वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

तुझ्या अक्षरातलं पाकीट बघून आधी बायकोने मला बसायला सांगितलं आणि मग हातात दिलं. आता आपल्या घराकडून पाकीट आलं की आम्हाला धास्तीच वाटते.

पहिली गोष्ट, रोल माझ्याकडे पाठव. दवाखान्यातली एक्स-रेची डार्करूम बंद झाली, सगळं कॉम्प्युटरवर गेलं, मला आता काउंटरवर बसवलंय, पण तीस वर्षं फिल्मच धुतल्या आहेत मी. लग्नाचा रोल म्हणशील तर तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि दिव्याचं बटण पंख्याच्या बटणाशेजारी होतं.

तू पाठवणार नाहीस हेही मला माहीत आहे. म्हणून दुसरी गोष्ट. ते डेव्हलपर विष आहे. रबरी हातमोजे घाल, औषध ओतताना खिडकी उघडी ठेव, स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरू नको. आधी सरावाचे दोन रोल कर. खिडकी, खुर्ची, कशाचाही फोटो काढ. अंधारात फक्त फिल्म चकरीवर चढवून टाकीत घालायची. झाकण घट्ट बसलं की दिवा लाव, पुढचं सगळं उजेडात. आधी साधं पाणी, मग डेव्हलपर: पहिल्या बाटलीचा एक भाग, दुसरीचे दोन, पाणी शंभर. मग पुन्हा पाणी, मग चित्र पक्कं करायला साधा हायपो.

फिल्म बाहेर आली की पिवळट हिरवी दिसेल. घाबरू नको. तो डाग म्हणजे निम्मा फोटो असतो. आपल्या डोळ्याला निगेटिव्ह फिकी वाटते, पण कागदावर प्रकाश पडताना तो डागही प्रकाश अडवतो आणि फोटो भरून येतो. तेव्हा डोळ्यावर भरवसा ठेवू नको, छापून बघ.

तिसरी गोष्ट अवघड आहे. नऊ पानं मला पटत नाहीत. मी होतो तेव्हा तीन पानं लागायची. तुझं एक पान म्हणजे चार मिनिटं, तेवढ्यात माझा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. नऊ पानं म्हणजे छत्तीस मिनिटं झाली. एवढा वेळ ठेवलं तर फिल्म काळीठिक्कर पडेल. शेवटी शेवटी दादाच्या डोळ्यांचं काहीतरी बिघडलं असावं, किंवा अंदाज सुटला असावा. तू तीनच धर.

पाय लांब करून बसून लिहितोय, अक्षराला हसू नको.

तुझा दीर


९ फेब्रुवारी

भाऊजी,

दोन्ही रोल वाया गेले. क्रमाने सांगते.

पहिल्याच्या वेळी मी सकाळी उठल्या उठल्या दोन्ही बाटल्यांमधलं मोजून एकत्र करून ठेवलं. म्हटलं, दुपारी घाई नको. आयुष्यभर दुपारचं सकाळी करून ठेवायची सवय. दुपारी पाहिलं तर पाणी चहासारखं झालेलं. तरी ओतलं. फिल्म कोरी निघाली, धुतलेल्या काचेसारखी. मग ह्यांच्या वहीत बारीक अक्षरात सापडलं, "मिसळलं की लगेच ओतणे, थांबत नाही." आधी नीट वाचायला हवं होतं.

दुसरा तुम्ही सांगितला तसा केला. मिसळलं, लगेच ओतलं, स्टुलावर बसून तीन पानं मोठ्याने वाचली, परिच्छेदाला टाकी उलटली. फिल्मवर काहीतरी आलं, पण विरलेल्या कापडासारखं. डोळ्यावर भरवसा ठेवला नाही, ह्यांच्या कागदावर छापून पाहिलं. कागदावर नुसता राखाडी चिखल. खुर्ची कुठे आणि खिडकी कुठे, मला माहीत होतं म्हणून दिसली.

एक विचारायचं राहिलं. झाकण बसल्यावर दिवा लावला तर चालतो, हे मला नवीन आहे. मी लावला आणि खरंच काही बिघडलं नाही. मग हे आत अंधारात का बसायचे?

रोल फळीवरच आहे. रोज त्याच्यावरची धूळ पुसते, तो कागदात असला तरी.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

दिव्याचं मागाहून बोलू, तो प्रश्न आत्ताचा नाही.

मला वाटतं बाटल्या मेल्या आहेत. तीन पानांत फिल्म भरायला हवी होती. दादाने पानं वाढवत नेली ती त्यामुळेच असणार: औषध कमजोर होत गेलं आणि तो वेळ वाढवून भरपाई करत राहिला. असं माणूस हट्टाने करतो, मीही केलंय. पण त्यावर आपण हा रोल लावायचा नाही. एकदाच मिळणारी गोष्ट आहे, वहिनी. मलाही त्याचं तोंड बघायचं आहे. माझ्याकडे तर ओळखपत्रावरचाही नाही.

तू एवढं कर. वहीतली पानं सुरुवातीपासून वर्षावार उतरवून पाठव. दादा कधीपासून चुकत गेला ते कळलं की पुढचं ठरवू. तोवर रोलला हात लावू नको.

तुझा दीर


४ मार्च

भाऊजी,

"दादा कधीपासून चुकत गेला" हे वाक्य मला लागलं. दोन दिवस वही उघडलीच नाही. मग उघडली, म्हटलं, भाऊजींना उतरवून तर देऊ.

पहिल्या वर्षी सगळीकडे तीन. वर्षाच्या शेवटी साडेतीन. तिसऱ्या वर्षी पाच. दहाव्या वर्षाच्या आसपास सात, मग बरीच वर्षं सात, साडेसात. एका जागी साडेनऊ आहेत आणि पुढे लिहिलंय, "दोन गाळली." ते बेटावरच्या पाणवनस्पतींचं प्रकरण, मी नेहमी गाळायची. कळलं नसेल असं मला वाटत होतं. मग एका वर्षी साडेसातावरून घसरत घसरत पाच. आणि त्याच्या पुढच्याच नोंदीला एकदम आठ.

इथे मी थांबले. पाचावरून एका दिवसात आठ कसे झाले? तारीख पाहिली. भाऊजी, त्या आठवड्यात मला चष्मा लागला.

मग मी मागे जाऊन पुन्हा सगळं पाहिलं. माझी आई गेली त्या महिन्यात पानं सहा आहेत. शेजारी ह्यांनी लिहिलंय, "घाई नाही." तुम्ही होतात तेव्हा तीन, कारण चौथीत शाळा सुटलेली मुलगी जोडाक्षर आलं की अडायची आणि एका पानाला चार मिनिटं घ्यायची. तुमच्या डोक्यात मी अजून तशीच वाचते आहे. मग ही पत्रं कोण लिहितंय असं वाटलं तुम्हाला?

ह्यांची वेळ कधीच बदलली नाही. माझं वाचन बदललं. मी गेल्या महिन्यात तीन पानं वाचली, ती चार मिनिटांत संपली असणार. फिल्म भरणार कशी?

मग घड्याळ हवं म्हणून डार्करूममध्ये शोधलं. बाटल्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे केलेलं एक लहान घड्याळ सापडलं. किल्ली दिली तर चालू झालं. दार लावून पाहिलं. आकडे अंधारात हिरवे चमकतात.

आता मला हे सांगा. घड्याळ आत होतं, झाकण बसल्यावर दिवाही चालत होता. आणि वेळ जर मी मोजत होते, तर थांबायचा ठोका आतून हे कसे मारायचे? एवढी वर्षं दाराबाहेर बसले, मला हा प्रश्न एकदाही पडला नाही.

तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दिव्याचं उत्तर टाळलंत तेव्हाच मला वाटलं होतं. लिहा.

वहिनी


१३ मार्च

वहिनी,

माहीत आहे. दादाने शपथ घातली होती म्हणून गप्प होतो. आता घालणारा नाही, आणि तू विचारलंस.

तुमच्या लग्नाला दोन महिने झाले असतील. तू ओट्यापाशी उभी राहून वर्तमानपत्राच्या तुकड्यावरचं काहीतरी वाचत होतीस, एकेक अक्षर लावत. मी मागून आलो आणि हसलो. नुसता हसलो नाही, तुझी नक्कलही केली. तू तो कागद चुरगळून केरात टाकलास आणि त्यानंतर कोणासमोर अक्षर वाचलं नाहीस. दुकानाची पाटीसुद्धा नाही. तुला आठवत असेल-नसेल, मला आठवतं.

दादाने दोन-तीनदा तुला सांगून पाहिलं, रोज थोडं वाच, मी बसतो शेजारी. तू म्हणालीस, "कोणी बघत असलं की मला येत नाही." मग एका दुपारी त्याने मला डार्करूममध्ये नेलं. टाकीचं झाकण लावलं, दिवा लावला, दाराच्या फटीला चिंध्या कोंबल्या आणि बाहेर तुला हाक मारली, "अगं, आत अंधार आहे, वेळ मोजायला कोणीतरी पाहिजे, जरा वाचतेस का?" तू म्हणालीस, "मला भराभर येत नाही." तो म्हणाला, "भराभर नकोच आहे."

तू वाचायला लागलीस. आम्ही दोघं आत दिव्याखाली उभे. घड्याळ समोर. मला पुन्हा हसू येईल असं त्याला वाटलं असावं, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं नाही. बारा मिनिटं झाल्यावर त्याने ठोका मारला, पान विचारलं आणि लिहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "हिला कळलं तर ही वाचणं सोडेल, आणि मी तुझ्याशी बोलणं सोडेन."

मला वाटलं होतं, महिना-दोन महिने चाललं असेल. एवढी वर्षं चालवलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. तुला येऊ लागल्यावर थांबवायला हरकत नव्हती. का थांबवलं नाही ते मला विचारू नको, मला सांगता येणार नाही. आणि त्याला चुकत गेला म्हणालो त्याबद्दल मी त्याचीच माफी मागितली, मोठ्याने, काउंटरवर बसल्या बसल्या. समोरच्या पेशंटला वाटलं मी त्याच्याशी बोलतोय. म्हणाला, "असू द्या."

वेळ बारा मिनिटं. बाटल्या जिवंत आहेत, मी चुकलो. एक सराव करायचा तर कर, नाहीतर सरळ लाव. तुला आता माझी गरज नाही.

तुझा दीर


२ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यावर मी आठवडाभर काही केलं नाही. राग आला होता का, तर थोडा आला. एवढी वर्षं एका माणसाने आपल्याला फसवलं म्हटल्यावर येणारच. मग वाटलं, फसवलं म्हणजे काय केलं, तर आत बसून ऐकलं. ते नक्कल केल्याचं मला आठवतंय. विसरण्यासारखी नक्कल नव्हती ती, हुबेहूब होती. ते तिथेच राहू द्या आता.

सरावाचा तिसरा रोल केला, बारा मिनिटं, घड्याळावर. खुर्ची आली, खिडकी आली, खिडकीतलं पाण्याचं भांडंसुद्धा आलं. मग परवा दुपारी जेवण उरकून हा रोल घेतला.

अंधारात फिल्म चकरीवर चढवली. ह्यांच्यासारखे डोळे मिटून केलं, उघडे ठेवून अंधारात काय मिळणार होतं. झाकण बसवलं. दिवा लावला, दार सताड उघडलं, पाणी ओतलं, काढलं. मिसळलं, लगेच ओतलं. घड्याळ स्टुलाशेजारी ठेवलं, टाकी मांडीवरच्या जाड फडक्यावर घेतली आणि पुस्तक उघडलं.

घड्याळ असताना वाचायची काही गरज नव्हती. पण टाकी कधी उलटायची ते मला परिच्छेदाशिवाय कळत नाही, सवयच तशी. हातमोजे घालून पान काही उलटेना, म्हणून डाव्या हाताचा काढला. रागावू नका. अंगठ्याला डाग पडला आहे, साबणाने जात नाही. लगेच नळाखाली धरला, काही झालेलं नाही.

फिल्म काढली तेव्हा पिवळी हिरवी, फिकी. पहिल्या वेळी अशी बघून वाया गेली म्हटलं असतं. आता नाही म्हटलं. वाळवली, बारावी फ्रेम कागदावर ठेवून छापली आणि ट्रेमध्ये सोडली.

तुम्हाला एक सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. त्या दिवशी स्टुलावर बसल्यावर ह्यांनी पुस्तक मागितलं. म्हणाले, "आज मी वाचतो, तू तिकडून दाब." मी म्हटलं, "फोटोत काय आवाज येणार आहे?" म्हणाले, "तू दाब तर खरं." आणि वाचायलाच लागले, पाणवनस्पतींचं प्रकरण, मी गाळते ते. मुद्दाम. मी हसले, म्हणून हात हलला असेल असं इतके दिवस वाटत होतं.

हात हललेला नाही. स्टूल स्पष्ट आहे, दाराची कडी स्पष्ट आहे, पुस्तक धरलेली बोटं आणि नखांवरचा डागसुद्धा स्पष्ट आहे. डोकं वरून जरा कापलं गेलंय, त्याबद्दल तुम्ही बोललात तर मी लग्नाच्या रोलचा विषय काढीन. फक्त तोंड पुसट आहे. वाचत होते म्हणून.

एक प्रत सोबत पाठवते. भिंतीवर लावणार नाही मी, खिळा ठोकून ह्यांना एका जागी कशाला बसवायचं. माझी प्रत पुस्तकात ठेवली आहे, पाणवनस्पतींच्या पानात. ते प्रकरण आता वाचते आहे. ह्यांना आवडत होतं असं दिसतं, मला अजून तरी कंटाळवाणंच वाटतंय.

कपाटात अजून चार कोरे रोल आहेत. गुडघा जिना चढायला लागला की या. बायकोला घेऊन या. तुमचा चांगला फोटो तुमच्या घरी आहे का, मला माहीत नाही.

वहीत ह्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मी लिहिलंय: "बारा मिनिटं. साडेसात पानं. मधे एकदा थांबले."

तुमची वहिनी